रांगेतल्या पहिल्याला चमचा

३ फेब्रुवारी, दुपार

आई,

हे पत्र मी थंडी पडायच्या आधीपासून लिहितेय. म्हणजे लिहीत नाहीये, तेच तर सांगायचंय. पाकिटांचा एक जुडगा आणला होता. त्यातल्या एकात मिरचीचं बी ठेवलं, एक घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं, एकावर इथल्या वेल्डरनं त्याच्या पोरीसाठी हत्ती काढला. असं करत करत शेवटचं उरलंय, आणि वेल्डर आज रजेवर आहे. म्हणून लिहितेय.

फोन का नाही केलास, असं विचारशील. फोनवर आपण ‘हॅलो’नंतर लगेच भांडतो. पत्रात तुला मध्येच बोलता येत नाही.

तर बातमी अशी, की मी आजोबांकडे आहे. हो, तुझ्याच बाबांकडे. फाडू नकोस, मागच्या बाजूलाही लिहिलंय.

ठरवून आले नाही गं. मला भिंगरी हे नाव तूच ठेवलंस, आता भिंगरी कुठे थांबेल याचा जाब तिला विचारू नकोस. फळं भरायच्या कामावरून सुटले, मग एका बोटीवर तिकिटं फाडली. त्या बोटीचा कप्तान पोहायला घाबरायचा, त्याची गंमत पुढे कधीतरी सांगेन. बोट दुरुस्तीला गेली तशी मी बसमध्ये बसले, तर बसच बंद पडली. तिला ओढत आणलं ते थेट या डेपोत, आणि तिच्यातच झोपलेली मीही आत आले. जाग आली ती वासानं. तेलात कांदा पडल्याचा वास. असा कांदा एकच माणूस परततो.

कँटीनच्या खिडकीत आजोबा पळी घेऊन उभे. मला बघून दचकले नाहीत की काही नाही.

“भूक लागलीय की पळून आलीस?”

“दोन्ही.”

“मग आधी कांदे चीर.”

तेव्हापासून चिरतेय. तू म्हणायचीस ना, ही एका जागी टिकायची नाही? कांद्यांनी धरून ठेवलंय मला.

खिडकीच्या फळीखाली कांद्याची पोती आहेत. मी तिथेच बसून लिहिते. इथून वरचं काही दिसत नाही, फळीखालून फक्त रांगेतले पाय दिसतात. आता मी पायांवरून माणसं ओळखते. ठिणग्यांनी भोकं पडलेले बूट वेल्डरचे, एका बुटावर निळा आणि दुसऱ्यावर पिवळा शिंतोडा ते रंगाऱ्याचे. लहानपणी तुझे पांढरे बूट मी खडूनं घासायचे, आठवतं? ड्यूटीवरून आलीस की तू दिसायच्या आधी तेच दिसायचे.

तू भिरकावलास तो मिठाचा डबा अजून आहे. कोपऱ्याला पोचा आलाय, झाकण बसत नाही, तरी दुसरा आणू देत नाहीत. त्या दिवसाबद्दल तीन वर्षांत एक शब्द बोललेले नाहीत. मीही विचारलेलं नाही.

तब्येत छान आहे त्यांची. हल्ली घरून डेपोत चालत येतात, असंच, हौस म्हणून. सिगारेट सोडली, असंच. अंधार पडला की झोपतात, तेही असंच. बाकी विशेष काही नाही.

तुझी
भिंगरी


१९ फेब्रुवारी, सकाळ

आई,

तुझं उत्तर मिळालं. हॉस्पिटलच्या चिठ्ठीवर एक ओळ: ‘प्रेशर किती आहे?’

ना ‘प्रिय’, ना ‘तुझी’, ना मी जेवते का याची चौकशी. मी किती जपून लिहिलं होतं! आणि तू त्या ‘असंच, असंच’वर नाडीवर ठेवावं तसं बोट ठेवलंस. धन्य आहे बाई तुझी.

मी शपथ घेतलीय की तुला सांगणार नाही. पण ती तोंडानं न सांगण्याची शपथ होती, असं मी धरून चालते.

थंडीत डेपोत तपासणी झाली. खुर्चीत आजोबा बाही वर करून असे बसले, जसे पंजाच लढवायला आलेत. डॉक्टरबाईंनी पट्टा फुगवला, आकडा बघितला आणि म्हणाल्या, “थोडा वेळ शांत बसा. परत बघू.”

“मी शांतच असतो!” आजोबा ओरडले.

दुसऱ्यांदाही तेच. वरचा आकडा एकशे ऐंशीच्या पलीकडे. बाईंनी विचारलं, चक्कर येते का, डोकं दुखतं का. आजोबा म्हणाले, “काहीही होत नाही मला.”

“त्याचीच काळजी वाटते,” बाई म्हणाल्या. “दुखलं असतं तर कधीच आला असतात.”

आजोबांनी उठून दार लावलं. मी आतच होते. गोळी रोज, न चुकता. मीठ कमी. सिगारेट बंद. चालायचं, झोपायचं. बाई सांगत होत्या आणि आजोबा मान हलवत होते, मटणवाल्याकडून भाव ऐकताना हलवतात तशी, म्हणजे पटलं की नाही ते कळूच नये अशी.

बाहेर आल्यावर म्हणाले, “भिंगरे, तुझ्या आईला हे कळता कामा नये.”

“का?”

“ती जिंकेल.”

मला वाटलं, झालं, आता गोळ्या खिशात आणि खिसा धुवायला. मी तरी तेच केलं असतं. मी खोकल्याचं औषधसुद्धा बाटली संपेपर्यंत घेतलेलं नाही आजवर. पण आई, या म्हाताऱ्याला बघ तू एकदा. सकाळच्या चहाचा कप उपडा ठेवतात आणि गोळी त्याच्याखाली. गोळी उचलल्याशिवाय चहा ओतताच येत नाही. सिगारेटची तलफ आली की लसूण सोलायला बसतात. डेपोतल्या रश्श्यात हल्ली एवढा लसूण का, हे कोडं कुणाला सुटलेलं नाही. रोज चालत येतात म्हणून फिटर लोक चिडवतात, “वस्ताद, आमच्या दुरुस्तीवर भरवसा नाही वाटतं!” तर हे म्हणतात, “तुमची दुरुस्ती बघूनच चालतोय.”

आणि स्वतःचं ताट वेगळं. मीठ जवळजवळ नाहीच. पहिले काही आठवडे भिंतीकडे तोंड करून जेवायचे. मी विचारलं, कसं लागतंय? म्हणाले, “ओल्या पुठ्ठ्यासारखं. पण पुठ्ठा चांगला शिजलाय.”

आणखी एक बोलू? तुझ्या कोटाच्या खिशात खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी असते, ते मला माहीत आहे. पेशंटला मीठ तोडा म्हणून सांगायचं आणि जिन्यात वळून दोन दाणे तोंडात टाकायचे. मी लहान होते, आंधळी नव्हते.

आकडा आता खाली येतोय. त्यांना सांगू नकोस हं मी सांगितलं ते. तसं तू त्यांच्याशी बोलतच नाहीस म्हणा.

तुझी
भिंगरी


११ मार्च, संध्याकाळ

आई,

आधी चांगलं सांगते, मग वाईट. तू उलटं सांगतेस, ते मला कधीच आवडलं नाही.

मागच्या आठवड्यात आजोबांनी हाक मारली. मी धावत गेले, वाटलं पडले की काय. तर हातात उकडलेला बटाटा, अर्धा खाल्लेला, आणि चेहरा असा की जणू बटाट्यानंच त्यांना हाक मारलीय.

“खाऊन बघ.”

“बटाटा आहे.”

“गोड आहे गं! याला आतून चव आहे, मागून मातीची जराशी आहे. इतकी वर्षं मी मिठाचा बटाटा खात होतो, हा कधी खाल्लाच नाही.”

बहात्तर वर्षांचा माणूस, जन्म सगळा चुलीपुढे गेला, आणि बटाटा हातात धरून असा उभा, जसा पोरगा पहिल्यांदा समुद्र बघतो. मी एवढी गावं पालथी घातली, पण मला कुठे असं काही सापडलं नाही. गाजर खाल्लं, टोमॅटो खाल्ला, साधा भात खाल्ला. प्रत्येक वेळी मला ओढत नेऊन सांगायचे.

आता वाईट.

त्यांचा नियम तुला माहीत आहे. पातेल्याची चव एकदाच बघायची, तीही स्वतः. ‘दुसऱ्यांदा बघतो तो स्वयंपाकी नाही, गिऱ्हाईक.’ दुसऱ्या कुणाला तर चमच्याला हातसुद्धा लावू देत नाहीत. तर एक दिवस वाण्याला फोन करून फैलावर घेतलं. “या वेळचं मीठ जास्त खारट पाठवलंस!” वाणी बिचारा म्हणतो, “वस्ताद, मीठ कसं जास्त खारट असेल?” पण हे ऐकेनात. हात आखडता घेऊन मीठ घालायला लागले. मग आणखी आखडता. ताटं अर्धी अर्धी परत यायला लागली. टेबलावरच्या मीठदाण्या रोज रिकाम्या.

काल कळस झाला. रश्श्याची चव बघितली, तोंड वाकडं केलं, “खारट झालाय” म्हणाले आणि घागरभर पाणी ओतलं त्यात. मी बघत राहिले गं. मला वाटलं, त्यांना जास्त कळतं.

वेल्डरनं पहिला घास घेतला आणि खिडकीशी येऊन ओरडला, “वस्ताद, डेपोला ताप आलाय का? हे पेशंटचं जेवण कुणासाठी?”

सगळी खोली हसली. मला तू आठवलीस.

सुट्टी संपल्याचा भोंगा झाल्यावर मी एक चमचा घेतला. नुसतं गरम पाणी. मी म्हटलं, “आजोबा, मीठ तेच आहे. तुमची जीभ बदललीय.”

रागावतील असं वाटलं होतं. पण म्हणाले, “म्हणजे वाण्याची माफी मागायला हवी.”

मग मॅनेजरबाई आल्या. बाई चांगल्या आहेत, पण स्पष्ट बोलल्या. महिनाअखेरपर्यंत ताटं अशीच परत येत राहिली, तर कँटीन बंद करून बाहेरून डबे मागवावे लागतील. आजोबा ‘बरं’ म्हणाले. फक्त ‘बरं’.

आत्ता पोचा आलेला डबा समोर घेऊन बसलेत. मघाशी म्हणाले, “आठवडाभर पूर्वीसारखं जेवलो, तर जीभ परत येईल.”

“आणि प्रेशर?”

“तेही येईल.”

डब्याचं झाकण उघडं आहे. तसं ते नेहमीच उघडं असतं, नीट बसतच नाही ना. पण मला आत्ता ते बघवत नाही. चूल गेली तर हा माणूस घरी बसून काय करेल? आणि चूल ठेवायची म्हणून मीठ खाल्लं तर? तू नर्स आहेस, त्यांची मुलगी आहेस, मी फक्त कांदे चिरणारी. मी काय करू? एका ओळीत सांगितलंस तरी चालेल.

भिंगरी


१७ मार्च, दुपार

आई,

तुझी चिठ्ठी नाही आली. रोज गेटवर जाऊन विचारते. वॉचमनच्या कुत्र्याला एकच कान आहे, तोही आता मला बघून पाडतो.

आता ऐक काय झालं ते.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी डब्याचं झाकण ठोकून ठोकून बसवलं आणि डबा वरच्या फळीवर ठेवला. मग रस्सा केला, मीठ घातलं, पण चव बघितली नाही. चमचा तसाच कोरडा. भोंगा झाला, रांग लागली. आजोबा खिडकीत उभे राहिले आणि वाढायच्या ऐवजी पळी आपटली फळीवर. माझ्या डोक्यावरच, म्हण.

“आधी ऐका,” म्हणाले. “मला प्रेशर आहे.”

पायच दिसत होते मला. सगळे जागच्या जागी थांबले.

“मीठ सोडलंय मी. त्यामुळे माझी जीभ माझ्यापुरती चांगली झाली, पण तुमच्या कामाची राहिली नाही. तुम्हाला पाणी वाढलं चार दिवस. चूक माझी. आजपासून रांगेत जो पहिला, तो चव बघणार. तो सांगेल तसं मी करेन.”

आणि चमचा पुढे केला. ज्या चमच्याला त्यांनी आजीलासुद्धा हात लावू दिला नव्हता, तो.

पहिला वेल्डरच होता. त्या ठिणग्यांच्या बुटांची चुळबुळ मी बघितली. परवा ओरडणारा शहाणा तो हाच.

“बोल. काय कमी?” आजोबांनी विचारलं.

“मीठ,” वेल्डर हळूच म्हणाला. मग म्हणाला, “पण थोडंसंच, वस्ताद. मलाही गोळी आहे.”

“तुला? कधीपासून?”

“दोन वर्षं झाली. घरी माहीत नाही.”

मागून रंगारी म्हणाला, “मलाही.” मग आणखी कुणीतरी. मग तर हसायलाच लागले सगळे. अर्धा डेपो गोळ्या लपवून रस्सा खात होता! पन्नाशी ओलांडलेला प्रत्येक जण दुसऱ्याला ठणठणीत समजत होता. आजोबांनी त्याच दिवशी टेबलावरच्या मीठदाण्या उचलून खिडकीच्या फळीवर आणून ठेवल्या. ज्याला हवं त्यानं उठून यावं, मनाई नाही. जेवताना उठायचा कंटाळा किती मोठा असतो, ते तेव्हा कळलं मला.

पण मला सांगायचंय ते हे नाही. भांडी घासताना आजोबा आपणहून बोलले. तीन वर्षांत पहिल्यांदा.

“तुझी आई इथेच उभी होती,” म्हणाले. “तुझी आजी झटका येऊन गेली त्याच्या दहाव्या दिवशी. सगळ्यांसमोर मला म्हणाली, तुमच्या हाताच्या चवीनं गेली ती. या सगळ्यांनाही असंच घालवाल. आणि डबा फेकला. मी म्हटलं, परत पाऊल टाकू नकोस इथे.”

मी घासत राहिले.

“तिनं म्हटलं ते खरं की खोटं, आता कुणालाच कळायचं नाही. तुझ्या आजीला माझ्या हातचं आवडायचं, आणि तिला खाताना बघायला मला आवडायचं. पण मुलगी रडत बोलत होती, भिंगरे. मी फक्त शब्द ऐकले. आणि मीठ कमी करा म्हणाली तेव्हा सगळे हसले, पण ते तर बरोबरच होतं. फक्त एकदम सगळं तोडा म्हणाली. जीभ अशी एकदम ऐकत नाही. माणूसही नाही.”

मी म्हटलं, “मग तिला सांगा की.”

“कुठल्या तोंडानं?” ते म्हणाले. मग हसले. “शाळेत असताना खारे दाणे खिशात भरल्याशिवाय दाराबाहेर पडायची नाही. मीच भाजून द्यायचो. मिठाची सवय मीच लावली, आणि मिठावरूनच भांडून गेली.”

आई, मी खूप माणसं बघितली. मोठमोठ्या गोष्टी सांगणारी, बोटी चालवणारी. पण भरल्या रांगेसमोर ‘माझी जीभ तुमच्या कामाची राहिली नाही’ असं म्हणणारा वस्ताद मी दुसरा बघितलेला नाही. आणि तूही. तू तेव्हा एकटी बरोबर होतीस, सगळे हसत असताना. हे तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते.

भिंगरी


८ एप्रिल, जेवणाच्या सुट्टीआधी

आई,

अजून तुझी ओळ नाही. बरं, नको लिहूस. मी लिहिते.

ताटं आता चाटूनपुसून येतात. डब्यांचा विषय मॅनेजरबाईंनी सोडला, उलट परवा त्याच रांगेत पहिल्या येऊन उभ्या राहिल्या चमचा मिळावा म्हणून. रोज पहिलं कोण यावरून भांडणं होतात. चमत्कार असा, की ‘काय कमी?’ला ‘मीठ’ हे उत्तर हळूहळू कमी होत चाललंय. काल रंगारी म्हणाला, “लिंबू.” आजोबा दिवसभर खुशीत.

डॉक्टरबाई येऊन गेल्या. आकडा पुष्कळ खाली आलाय. आजोबांनी लगेच विचारलं, “मग गोळी बंद?” बाई म्हणाल्या, “गोळी आहे म्हणून खाली आहे, चालताय म्हणून आहे, मीठ सोडलं म्हणून आहे. यातलं कुठलं एक काढून बघायचंय तुम्हाला?” आजोबांनी बाही खाली केली. तुझ्यासारख्याच बोलतात त्या. आजोबाही तेच म्हणाले, पण मी ऐकलं नाही असं दाखवलं.

मला वाटतं, मी इथे आणखी थोडे दिवस राहीन. मिरचीचं ते बी पेरलंय, पाकिटातलं. उगवलं. आता ते सोडून कसं जाणार, हा एक नवीनच घोटाळा झालाय माझा. बोटीच्या कप्तानाचं सांगायचं राहिलं ते असं, की त्याला लहानपणी एका विहिरीत

थांब, भोंगा झाला.

धावत आले सगळे. आजही पहिला नंबर कुणाचा यावरून गलका चाललाय. नाही, गलका थांबला. बाजूला होताहेत. कुणाला तरी पुढे येऊ देताहेत.

आई.

फळीखालून पांढरे बूट दिसताहेत. उजव्याच्या टाचेपाशी थोडा खडू लागलाय.

आजोबांना वरून बूट दिसत नाहीत. त्यांची मान पातेल्यात आहे. त्यांनी सवयीनं चमचा पुढे केलाय.

“बोल. काय कमी?”

चमचा परत ठेवल्याचा आवाज आला. तू किती वेळ लावतेस गं.

“मीठ,” तू म्हणालीस.

पळी ढवळायची थांबली. मागे वेल्डरच्या बुटांनी रंगाऱ्याच्या बुटांना हळूच लाथ मारली. मी लिहितेय, अक्षर वाचता येतंय का बघ.

“तुला कमीच लागणार,” आजोबा म्हणाले. “आधी ते खिशातले दाणे बाहेर काढ.”

मी उठते. हे पत्र हातातच देते तुला.